चौथं नोझल

सुगंधाबाईच्या दुकानात एकच नियम होता आणि तो कुठं लिहून लावलेला नव्हता. पंपाचा दांडा दाबायच्या आधी दाबणाऱ्यानं मोठ्यानं विचारायचं, "हात?" दुकानात जे कुणी असेल त्यानं नोझलकडं बघून सांगायचं, "न्हाई." म्हणजे नोझलच्या तोंडासमोर कुणाचा हात नाही. हे उत्तर आल्याशिवाय तेल सुटायचं नाही. हात असेल तर "हाय" म्हणायचं, पण चौदा वर्षांत तशी पाळी कुणावर आली नव्हती. गिऱ्हाइकं हसायची. ट्रॅक्टरवाले तर दारातूनच "न्हाई मावशी, पायबी न्हाई" असं म्हणत आत यायचे. बाई त्यांना हसू द्यायची, नियम मात्र सोडायची नाही.

गंगाखेडला परळी रस्त्यावर पत्र्याचं दुकान. काम पंप-नोझलचं. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं, ज्याच्या पोटात डिझेल फवारलं जातं त्या प्रत्येकाचं नोझल कधी ना कधी इथं यायचं. आधी हे काम तिचा नवरा मुंजाजी करायचा. चौदा वर्षांमागं नोझल तपासताना त्याच्या बोटाच्या पेरात डिझेल घुसलं. छिद्र बाभळीच्या काट्याएवढं. रक्ताचा एक थेंब आला, तो त्यानं चड्डीला पुसला आणि भाकरी खायला बसला. दुपारी बोट सुजलं, दिवस मावळता मावळता हात कोपरापर्यंत टरारला. उद्या बघू म्हणून तो झोपला. नांदेडच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हात बघितला आणि विचारलं, किती तास झाले. तीस, असं सुगंधाबाईनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दाबानं आत गेलेलं तेल मांस आतून कुजवतं, सहा तासांच्या आत हात फाडून धुतला तर वाचतो. मग त्यांनी मनगटातून हात काढला. मुंजाजी त्यानंतर तीन वर्षं जगला आणि त्या तीन वर्षांत डाव्या हातानं खुणा करून बायकोला सगळा धंदा शिकवून गेला.

आता दांड्याला सुगंधाबाई आणि हत्यारांना तिचा मुलगा अमृत. अमृत बत्तीस वर्षांचा, कमी बोलणारा, पण बोटांत मोठी हिकमत. त्याच हिकमतीनं बबलूची गाडी दुकानात आणली.

बबलू ऊसतोडीच्या मुकादमाचा मुलगा. बापानं कोयत्यांच्या टोळ्या चालवल्या, पोरानं त्या टोळ्यांच्या जिवावर ट्रक घेतले आणि मग एक ठेंगणी लाल गाडी घेतली. ती टर्बोची होती. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबतो. बबलूला कंपनीचा टर्बो पुरेना, म्हणून त्यानं पुण्याहून दुप्पट मोठा आणून बसवला. हवा दुप्पट झाली की इंधनही त्याच मापानं लागतं. डिझेलच्या ट्रॅक्टरला तेल कमी पडलं तर तो नुसता ढिला पडतो. पेट्रोलच्या टर्बोला कमी पडलं तर आग इतकी तापते की पिस्टनला भोक पडतं. त्यात बबलूनं पेट्रोलही सोडलं. उसापासून निघणारं स्पिरिट त्याला कुठल्याशा वाटेनं ड्रमानं मिळायचं. स्पिरिटावर टर्बोला लय जोर करता येतो, पण ते पेट्रोलपेक्षा बरंच जास्त लागतं. म्हणून मोठी नोझलं आली, टाकीत मोठा पंप आला, इंजिनावर जास्त दाबाचा पंप आला, स्पिरिटानं फुगणारे रबरी पाइप निघून दुसरे आले. हे सगळं अमृतनं बसवलं. चारी नोझलांचं तेल चार काचेच्या नळ्यांत धरून, चारींची उंची केसभर इकडंतिकडं होणार नाही इतकं त्यानं जुळवलं.

"एक करा भाऊ," अमृत तेव्हा म्हणाला होता. "स्पिरिटला ड्रम कोरा घ्या. मळीच्या ड्रमात ठिवू नका."

"धुऊन घेतलाय," बबलू म्हणाला होता.

राणीसावरगावच्या रस्त्याला चार किलोमीटरचा सरळ सिमेंटचा पट्टा आहे. तिथं रविवारी सकाळी बबलू आणि सोनपेठचे काहीजण गाड्या पळवायचे. मागच्या रविवारी अर्ध्या पट्ट्यात लाल गाडी ठसकली, फटफट करून बसली आणि सोनपेठवाले बाजूनं हात हलवत निघून गेले. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि त्यावर शेळीचं ओरडणं चिकटवून मोबाइलवर फिरवला. आठ दिवस बबलू जिथं जाईल तिथं कुणीतरी शेळीसारखं ओरडायचं. पुन्हा शर्यत ठरली ती आजच्या रविवारी, अकराला.

सव्वासातला गाडी ठसकत दुकानासमोर आली. बबलू उतरला, मागून त्याचा ड्रायव्हर बन्सीधर उतरला. बबलूनं शटर अर्धं खाली ओढलं. अमृत चहा पीत होता. कप तोंडाला असतानाच पहिली बुक्की बसली आणि कप दातांवर फुटला.

"चौथ्याला तेल न्हाई, मास्तर," बबलू म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "पुण्याचा कंप्युटरवाला म्हणतोय चौथं नोझल उपाशी हाय. तू काय म्हणला होतास? चारी सारखी. आठ दिवस माझ्या दारात शेळ्या ओरडायल्यात."

"सारखीच होती भाऊ," अमृत रक्त थुंकत म्हणाला. "ड्रम बघा तुमी. मी सांगितलं होतं की..."

दुसरी बुक्की, तिसरी बुक्की. बबलूचा उजवा हात जाडजूड, बोटात दोन अंगठ्या. अमृतचा गाल फाटला. सुगंधाबाई मधे आली तर बबलूनं तिला खांद्यानं ढकललं आणि ती टायरच्या ढिगावर जाऊन पडली. उठेपर्यंत अमृतचा डावा हात बबलूनं टेबलावरच्या वाइसमध्ये घातला होता. लोखंड घट्ट धरून ठेवायचा पोलादी जबडा तो. बबलूनं दांडी फिरवली. जबडा बोटांना लागला आणि अमृत गप्प झाला. एवढा गप्प, की श्वासही दिसेना.

"भाऊ," बन्सीधर शटरजवळून म्हणाला, "गाडी कोण करंल मग?"

"ही करंल. नवरा बिनहाताचा व्हता तवा हिनंच केलं की." बबलूनं सुगंधाबाईकडं बघितलं. "व्हय ना मावशी? अकराला लायनीवर लागायचंय. जितका उशीर तितके आटे."

"दांडी सोडा, बबलूभाऊ," सुगंधाबाई म्हणाली. "नोझल मी काढते. काय अडलंय ते डोळ्यानं दाखवते. पण दांडीला हात लावू नका."

"लावला का मी? काढ."

तिनं बन्सीधरला पाना धरायला लावला आणि इंजिन उघडलं. वरची नळी, मग प्लास्टिकचा गठ्ठा, मग तेलाची पोलादी पट्टी, मग एकेक नोझल. तास लागला. तासभर अमृत वाइसला अडकून उभा होता, बूड टेकता येत नव्हतं. त्याच्या हनुवटीवरून रक्त टेबलावर ठिपकत होतं. सुगंधाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

चौथं नोझल उलटं करून तिनं त्याची जाळी सुईनं खरवडली. काळा चिकट गोळा सुईच्या टोकावर आला. तिनं तो हुंगला आणि बबलूपुढं धरला.

"वास घ्या."

बबलूनं घेतला. गुळासारखा, जरा आंबूस. कारखान्याजवळ वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. मळी होती ती, साखर निघाल्यावर उरणारी काकवी. त्याच्याच ड्रमाच्या तळाशी सुकून बसलेली, स्पिरिटात सुटून पाइपांतून वाहत आलेली.

चूक आपली निघाल्यावर काही माणसं ओशाळतात. बबलूनं नोझलकडं बघितलं, बन्सीधरकडं बघितलं. बन्सीधरनं ड्रम धुतला होता की नाही हे त्या दोघांनाच ठाऊक. मग तो वळला, दोन पावलं टाकून वाइसपाशी गेला आणि सगळं वजन टाकून दांडी एक पूर्ण आटा फिरवली.

आवाज फार मोठा नव्हता. वाळलेल्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा, एकामागं एक तीनदा. अमृतच्या तोंडून कुत्र्यासारखा आवाज निघाला आणि तो हातावरच लोंबकळला.

"मरंल भाऊ त्यो," म्हणत बन्सीधर धावला. त्यानं दांडी उलटी फिरवली आणि अमृतला खाली सिमेंटवर निजवलं. तीन बोटं चपटी झाली होती, त्यांचा रंग वांग्यासारखा.

"मी सांगितलं होतं, असं आता कुणाला सांगंल त्यो?" बबलू म्हणाला. "चल मावशी. चारी धू, चारी दाखव. माझ्या डोळ्यासमोर."

सुगंधाबाईनं चारी नोझलं धुतली. टेबलावर दोन हातपंप होते. एक ट्रॅक्टरचा, त्याला कुणाचं तरी डिझेलचं नोझल कायम लावलेलं असायचं. दुसरा अमृतनं या गाडीसाठी बनवलेला. दांड्यानं दाब चढवायचा, दाबाच्या घड्याळाचा काटा दीडशेवर गेला की बॅटरीच्या पेटीचं बटण दाबायचं, मग नोझल उघडून फवारा सुटायचा.

पहिलं नोझल लावलं. काटा दीडशेवर आला.

"हात?"

अमृत उत्तर देणारा, तो खाली पडलेला. बन्सीधर मुंजाजीच्या वेळेपासून या दुकानात येणारा. तो हळूच म्हणाला, "न्हाई, काकू."

फवारा सुटला. धुक्यासारखा बारीक, सरळ.

"हात?"

"न्हाई."

दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. अमृत कण्हला, पाणी मागितलं. बन्सीधर तांब्या घेऊन बाहेरच्या टाकीकडं गेला. सुगंधाबाईनं चौथं नोझल लावलं. मळीवालं, जे बबलूला आठ दिवस डसत होतं. तिनं दांडा मारला. काटा चढला, शंभर, सव्वाशे, दीडशे.

बबलू जवळ आला. "असं लांबून काय कळायलंय," म्हणत त्यानं उजवा हात पुढं केला. तळवा नोझलच्या तोंडाशी, बोटभर अंतरावर. पंख्याचा वारा लागतो का बघावं तसा.

सुगंधाबाईला हात दिसला. अंगठ्या दिसल्या, अंगठीच्या खाचेत सुकलेलं अमृतचं रक्त दिसलं. तो शब्द तिच्या जिभेवर आला. चौदा वर्षं तो विचार न करता यायचा, तसाच आला. आणि मग तिला काडी मोडल्याचा आवाज आठवला, एकामागं एक तीनदा. तिनं शब्द गिळला आणि बटण दाबलं.

"आयला." बबलूनं हात झटकला. "मुंगी चावल्यागत झालं." अंगठ्याच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. त्यानं तो पँटीला पुसला. "पण जोर हाय. आता हाय जोर. बसव."

भिंतीवरच्या घड्याळात नऊला वीस कमी होते. सुगंधाबाईनं मनातल्या मनात सहा तास मोजले. तीनला वीस कमी. ही दुपार सरेल, त्याला कळणार नाही, उद्या नांदेडला कुणीतरी त्याला विचारील, किती तास झाले. तिला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं, इतकं बरं वाटलं.

खाली अमृतनं डोळे उघडले होते. तो तिच्याकडंच बघत होता. बन्सीधरनं तांब्या त्याच्या ओठाला लावला तरी त्यानं डोळे हलवले नाहीत.

तिनं नोझलं परत बसवली. प्रत्येकाच्या टोकाला नखासारखी पातळ सील असते, ती वाकडी बसली तर इंजिनावर आग लागते. तिनं चारी सील नीट बसवल्या. काम वाईट करणं तिला जमलं नसतं आणि तशी गरजही नव्हती. तिच्या मनानं तिचं काम होऊन गेलं होतं.

बबलू स्टुलावर बसून उजवा हात चोळत होता. मधेच त्यानं अंगठ्या काढायला बघितल्या, एक निघाली, एक अडली.

"मास्तर, तुझं थोबाड लय टणक हाय रे," तो अमृतला म्हणाला. "माझाच हात ठणकायला लागला."

सव्वादहाला गाडी सुरू झाली. चारी सिलिंडर एका सुरात, कुठं ठसका नाही. बबलूनं डाव्या पायानं ब्रेक दाबून धरला आणि उजव्यानं दम दिला. टर्बोची शीळ पत्र्याखाली इतकी घुमली की फळीवरचे पाने थरथरून खाली पडले. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं, पण कपाळावर घाम होता.

"चल मास्तर. बस."

सुगंधाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. शर्यतवाल्यांत रीत होती, ज्यानं तेलाच्या कामाला हात लावला त्यानं पहिल्या धावेला ड्रायव्हरशेजारी बसायचं. म्हणजे कुणी मिस्तरी फितुरी करत नाही. मागच्या रविवारीही अमृत बसला होता. पण चिरडलेल्या हाताच्या माणसाला कोण गाडीत घालतं, असं तिनं धरून चाललं होतं.

"त्याचा हात मोडलाय, बबलूभाऊ. त्याला दवाखान्यात न्यायचंय."

"हात मोडलाय. बूड न्हाई मोडलं." बबलूनं अमृतला काखेत धरून उभं केलं. "तुमीच जोडलंय ना सगळं, माय-लेकांनी? मग पेटली तर संगट पेटू."

"काम मी केलंय. मी बसते."

"तुला बसवून सोनपेठवाल्यांना आणखी एक व्हिडिओ देऊ काय?"

सुगंधाबाईच्या डोळ्यांपुढं तो सिमेंटचा पट्टा आला. त्या रस्त्यानं ती लहानपणापासून माहेरी गेलेली. पट्टा संपतो तिथं वळण, वळणाला पूल. तिथं दोनशेच्या वेगानं गाडी येणार आणि स्टेअरिंगवर तो उजवा हात असणार. अकरापर्यंत त्या हातात जीव राहणार नाही, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचा हात बघा आधी. त्यात तेल गेलंय. मघाशी मुंगी चावल्यागत झालं ते तेल होतं. परभणीला जा, आत्ताच्या आत्ता. हात फाडून धुवायला सांगा. नुसती सुई घेऊन येऊ नका."

बबलू हसला. "पोराला उतरवायला काय पण सांगायलीस, मावशी. ह्याचं तोंड फोडून सुजलाय हात."

"मुंजाजीकाकाचा असाच गेला, भाऊ," बन्सीधर म्हणाला. "मी बघितलाय. ठिपकाच व्हता."

"तू गप."

"मूठ आवळा," सुगंधाबाई म्हणाली.

"काय?"

"उजव्या हाताची मूठ आवळून दाखवा. एवढं करा आणि खुशाल न्या माझ्या पोराला."

बबलूनं अमृतला सोडलं. हात पुढं धरला, बोटं वळवली. चार बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. अंगठा हललाच नाही. तळवा गव्हाच्या कणकेसारखा फुगला होता आणि ठिपक्याभोवती पांढरट झालं होतं, रक्त नसल्यासारखं. त्यानं पुन्हा जोर केला. हात तसाच. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूनं सुटत गेलं.

"मग म्हणली का न्हाई तवाच? तू तर सारखी हात, हात करीत असतीस."

इथं ती खोटं बोलू शकली असती. दिसलं नाही म्हणाली असती तर चाललं असतं. पण तो अजून अर्धवट होता, एक नजर हाताकडं, एक गाडीकडं, आणि घड्याळात साडेदहा वाजत होते. तो गाडीत बसला तर अमृतला घेऊनच बसणार. त्याला हे खरं वाटायलाच हवं होतं.

"मला दिसला तुझा हात," ती म्हणाली. आज पहिल्यांदा तिनं त्याला अरेतुरे केलं. "दिसला म्हणूनच बटण दाबलं. दीडशेचा दाब होता. माझ्या नवऱ्याचा गेला तसा तुझा जावा म्हणून दाबलं. आता पटलं का?"

गाडी एका सुरात चालू होती.

बबलूनं डाव्या हाताची थप्पड मारली. ती खाली बसली. त्यानं तिचं मनगट धरून तिला टेबलापर्यंत फरफटत नेलं. लाल गाडीचा हातपंप रिकामा पडला होता, पण ट्रॅक्टरचा तयार होता, नोझल लावलेलं, डिझेल भरलेलं. त्यानं तिचा उजवा हात नोझलच्या तोंडावर दाबून धरला. दांडा मारायला दुसरा हात चालत नव्हता, म्हणून त्यानं कोपर दांड्यावर ठेवला.

"हाय," अमृत दारातून ओरडला. "हात हाय. हात हाय तितं."

चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी तसं उत्तर दिलं. बबलूला आता नियम ठाऊक होता, पण त्यानं काही फरक पडला नाही. त्यानं कोपरानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. नोझल कर्रकन वाजलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी बन्सीधरनं मागून त्याच्या गळ्यात हात घालून त्याला खेचलं आणि दोघं टायरच्या ढिगावर पडले.

"चला भाऊ," बन्सीधर त्याला दाबून धरत म्हणाला. "तुमचा हात चाललाय. अर्ध्या तासात परभणी दाखवतो. चला."

तेव्हा बबलू रडायला लागला. लहान पोरासारखा नाही. दात आवळून, नाकातून आवाज काढत. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता आणि तो कुणाला लावू देत नव्हता.

बन्सीधरनं त्याला गाडीत बसवलं आणि वळून म्हणाला, "काकू, तुमीबी बसा. अमृत, बस मागं."

"ती न्हाई," बबलू आतून म्हणाला. "तिला घेतलंस तर तुला गाडीतून ढकलीन. एक हात पुरंल तेवढ्याला."

बन्सीधर क्षणभर दार धरून उभा राहिला. मग बसला. लाल गाडी परळी रस्त्यावर वळली, शीळ घुमली आणि गावाबाहेर पडेपर्यंत ऐकू येत राहिली. कुठं ठसकली नाही. चारी नोझलं बरोबर होती.

माय-लेक एसटी स्टँडवर चालत गेले. परभणीची गाडी पावणेअकराची, ती अकराला सुटली. सुगंधाबाईनं उजवा हात पदरात गुंडाळला होता, अमृतनं डावा गमछ्यात. कंडक्टरनं तिकिटाला विचारलं तेव्हा दोघांनी एकदमच धड हात खिशाकडं आणि कनवटीकडं नेला. कंडक्टर बघत राहिला.

पोखर्णी गेल्यावर अमृत म्हणाला, "माय, मी जागा व्हतो."

"ठावं हाय."

"तू विचारलं न्हाईस."

"न्हाई विचारलं."

"मी उत्तर दिलं असतं."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. तिचा तळवा आता ठणकत होता आणि ठणका मनगटाकडं चढत होता. ती घड्याळ नसलेल्या हाताकडं उगाच बघून तास मोजत होती.

परभणीला बबलू त्यांच्या आधी तासभर पोचला होता. त्याचा हात फाडून धुतला. मनगट वाचलं, अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. सुगंधाबाईच्या हातात तेल जास्त गेलं होतं, पण वेळ कमी झाला होता. तिची मधली दोन बोटं काढली. अमृतच्या तीन बोटांत तारा घातल्या. दवाखान्यातल्या पोलिसानं कागद पुढं केला. बबलूनं सांगितलं, मशीनवर लागलं. म्हाताऱ्या बाईनं बबलूचा हात घालवला, हे गंगाखेडात फिरलं असतं तर शेळीचा व्हिडिओ परवडला असं म्हणायची पाळी आली असती. सुगंधाबाईनंही तेच सांगितलं, मशीनवर लागलं. अमृतनंही. पोलिसानं तिघांकडं बघितलं, एकाच सकाळी इतकी मशीनं कशी चावली म्हणून विचारलं, आणि कागद मिटला.

दुकान दीड महिन्यानं उघडलं. ट्रॅक्टर थांबलेले होते, कारखान्याचा हंगाम सुरू होता. सुगंधाबाई आता डाव्या हातानं दांडा मारते. अमृतची तीन बोटं वळत नाहीत, पण पाना धरता येतो. पहिल्या दिवशी सोनपेठचा एक ट्रॅक्टरवाला आला, दारातून म्हणाला, "न्हाई मावशी, पायबी न्हाई." मग त्यानं दोघांचे हात बघितले आणि तो दारातच थांबला.

तिनं नोझल लावलं. दांड्यावर हात ठेवला. काटा चढला.

"हात?"

पूर्वी अमृत पाठमोरा राहूनच उत्तर द्यायचा. काम करता करता, मान न वळवता, इतकी सवय. आता त्यानं हातातला पाना खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून आला. वाकून नोझलच्या तोंडाकडं बघितलं, ट्रॅक्टरवाला कुठं उभा आहे ते बघितलं, आणि मग आईच्या डाव्या हाताकडं, दांड्यावर ठेवलेल्या, बराच वेळ बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला.

तेव्हापासून तो रोज तसंच करतो. तीस ट्रॅक्टर असले तर तीस वेळा उठून येतो. तिनं त्याला एकदाही, बसून सांग, असं म्हटलेलं नाही.